कान्हेरीच्या खोलीत कपाट कुठे आहे?

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका रात्री दीडच्या सुमारास आमच्या घरात धाडकन आवाज झाला. दिवा लावून पाहतो तर मुलांची आजी मोरीजवळ जमिनीवर बसलेली, उजवा हात छातीशी धरलेला, आणि शेजारी उलटी पडलेली प्लास्टिकची लाल मोटार. अंधारात तिचा पाय त्या मोटारीवर पडला आणि मोटार धावली. सकाळी दवाखान्यात कळले की मनगटाचे हाड मोडले आहे. सहा आठवडे प्लास्टर.

आमचे घर म्हणजे कल्याण पूर्वेला चाळीतली एक खोली आणि स्वयंपाकघर. माणसे पाच. आम्ही दोघे, आजी, आठवीतली मोठी मुलगी आणि पहिलीतला धाकटा. पण त्या दिवसांत घरात पाच माणसे राहतात असे म्हणण्यापेक्षा खेळणी राहतात आणि आम्ही त्यांच्याकडे पाहुणे आहोत असे म्हणणे बरोबर ठरले असते. खाटेखाली दोन पोती, फ्रीजवर अस्वल, टीव्हीमागे मोडकी बंदूक, मोरीतल्या बादलीत बदके. मोठीला अभ्यासाला टेबल घ्यायचे दोन वर्षे चालले होते. टेबल घ्यायला पैसे जमले, पण ठेवायला जागा निघाली नाही. ती खाटेवर बसून मांडीवर पोळपाट घेऊन गणिते सोडवायची.

आजीला प्लास्टर घातले त्या दिवशी मुलांची आई म्हणाली, "उद्या हे सगळं भंगारात देते." आम्ही एकदम आवाज चढवून म्हणालो, "कशाला हात लावायचा नाही." आपण एवढे का चिडलो, हे आमचे आम्हालाच कळले नाही.

तिने हात लावलाच. धाकटा शाळेत गेलेला पाहून एक पिशवी भरून देऊन टाकली. त्या पिशवीत चाके नसलेली एक जीप होती. तिला तो महिनोन्‌महिने शिवलासुद्धा नव्हता. पण ती गेली म्हटल्यावर दोन दिवस रडला, आणि पुढे रोज रात्री झोपण्याआधी आपली खेळणी मोजू लागला. चॉकलेटचे कागदसुद्धा उशीखाली ठेवू लागला. घरातले सामान कमी करायला गेलो आणि पोराच्या मनात चोरीची भीती भरली. ही आमची पहिली चूक. म्हणून आधीच सांगून टाकली.

बोरिवलीची वाट

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही सगळे कान्हेरीला निघालो. आजीचे प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते आणि तिला लेणी पाहायची होती. खेळण्यांचा आणि या सहलीचा काही संबंध आहे असे तेव्हा कोणाच्याही मनात नव्हते. धाकट्याला सांगितले होते की सोबत एकच खेळणे घ्यायचे. त्याने पिशवी भरून घेतली. गाडीची वेळ झाली होती, वाद घालायला सवड नव्हती. अर्थात ती पिशवी आमच्याच खांद्यावर आली.

कल्याणहून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, आणि मग बोरिवली. पूर्वेला उतरले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य दार जवळच आहे. तिथून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत जंगलात. उद्यानाच्या बसने आत जाता येते. वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर सोमवार टाळावा, त्या दिवशी उद्यान बंद असते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही. माकडे फार आहेत, तेव्हा खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये.

बस थांबते तिथून पायऱ्या सुरू होतात. आजी हळूहळू चढली. डोंगर काळ्या कातळाचा, आणि त्या कातळात वर-खाली मिळून शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास इथे काम सुरू झाले, आणि पुढे सुमारे हजार वर्षे इथे भिक्खूंचा वावर होता. कान्हेरी हे नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, यावरून आलेले.

तीन नंबरचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, दुसऱ्या शतकात, दोन व्यापारी भावांच्या दानातून ते कोरले गेले. दर्शनी भिंतीवर दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. पडवीच्या दोन्ही टोकांना उभ्या बुद्धांच्या सुमारे सात मीटर उंचीच्या मूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळातल्या. आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप. आजीने हात जोडले. धाकट्याने मात्र हळूच "ओ" केले आणि घुमलेला आवाज ऐकून तोंडावर हात ठेवून हसला. मग बाहेर येईपर्यंत कुजबुजत, थांबत, ऐकत त्याचा खेळ चालला होता. पिशवी आमच्या खांद्यावरच होती.

मोठीचा प्रश्न

आजीला तीन नंबरच्या बाहेर सावलीत बसवून, तिच्याजवळ मुलांच्या आईला ठेवून, आम्ही मुलांना घेऊन वर चढलो. वरची लेणी लहान आहेत. पुढे पडवी, आत एक दालन आणि त्याला लागून एखादी खोली. खोलीत भिंतीलगत कातळातच सोडलेला ओटा. हाच भिक्खूचा पलंग. पडवीच्या बाजूला पाण्याचे टाके.

मोठी त्या खोलीत शिरली, ओट्यावर बसली, चारी भिंतींकडे पाहिले आणि म्हणाली, "पप्पा, यांचं कपाट कुठे आहे?"

आम्ही म्हणालो, "कपाट नाही."

"मग सामान कुठे ठेवायचे?"

विहारात दर पौर्णिमेला आम्ही चार शब्द बोलतो. भिक्खूच्या आठ वस्तू, म्हणजे अष्टपरिष्कार, आम्हाला तोंडपाठ आहेत. तीन चीवरे, एक भिक्षापात्र, एक कमरपट्टा, एक वस्तरा, एक सुई आणि पाणी गाळायचे फडके. कितीदा तरी सांगितल्या असतील. पण त्या ओट्यावर बसलेल्या पोरीला सांगताना पहिल्यांदाच त्या मोजून पाहाव्याशा वाटल्या. तीन आणि एक चार, पाच, सहा, सात, आठ. त्यातली पाच अंगावरच किंवा हातातच. म्हणजे खोलीत ठेवायला उरले काय? सुई, वस्तरा आणि फडके.

मोठीने वहीत आठही लिहून घेतल्या. मग म्हणाली, "सुई यात आहे. म्हणजे फाटलं की शिवायचं, नवीन नाही मागायचं."

हे आम्हाला वीस वर्षांत सुचले नव्हते.

धाकटा टाक्याच्या तोंडाशी वाकून पाहत होता. त्याला मागे ओढून आम्ही ती व्यवस्था दाखवली. डोंगरावर पडणारा पाऊस कातळात कोरलेल्या पन्हळींतून खाली येतो आणि टाक्यांत साठतो. इथल्या शिलालेखांत टाक्याला पोढी म्हटले आहे. ही टाकी, या खोल्या कोणा एका राजाने बांधल्या नाहीत. सोपारा, चौल आणि आमचे कल्याण इथल्या व्यापाऱ्यांनी, सोनारांनी, लोहारांनी दान दिले आणि आपले नाव, गाव, धंदा कोरून ठेवला. कल्याणच्या एका सोनाराने इथे टाके दिल्याचे आम्ही सांगितले तेव्हा धाकटा म्हणाला, "आपल्या कल्याणचा?" आणि त्या टाक्याकडे घरच्या माणसाने दिलेली वस्तू असल्यासारखा पाहू लागला. त्या सोनाराच्या दुकानात काय काय माल होता, कोणाला ठाऊक? उरले ते त्याने दिलेले पाणी.

पुढे अकरा नंबरचे लेणे लागले. याला दरबार हॉल म्हणतात. प्रशस्त दालन आणि जमिनीत कोरलेले दोन लांब, बुटके बाक. तिथे नवव्या शतकातले शिलालेख आहेत. त्यांत विहाराची डागडुजी, भिक्खूंची वस्त्रे आणि पुस्तके यांसाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. ज्यांच्या खोलीत कपाट नव्हते त्यांना पुस्तके मात्र लागत होती. आम्ही मोठीला म्हणालो, "बघ, डागडुजी, कपडे आणि पुस्तकं." ती काही बोलली नाही. पण तिने वहीत तेही लिहिले.

आजीने सांगितलेली गोष्ट

दुपारी खाली येऊन झाडाखाली बसलो. भाकरी, सुकी भाजी, ठेचा. धाकटा दोन वाळक्या शेंगा आणि सहा खडे घेऊन आपल्याशीच काही खेळत होता. शेंगांची बस झाली होती आणि खडे उतारू. आम्ही पिशवी खांद्यावरून उतरवली तेव्हा मुलांची आई हसली. "सकाळपासून वाहताय. एकदा तरी उघडली का?"

आम्हाला तो शब्द लागला. म्हणालो, "वाहीन. आमच्या लहानपणी वाहायला काही नव्हतंच."

ही आमची नेहमीची कथा. १९८२ सालचा गिरणी संप झाला तेव्हा आम्ही नुकते चालायला लागलेले. वडील गिरणीत होते. संपानंतर त्यांना परत कामावर घेतले नाही. पुढे मिळेल ते काम. घरात विकतचे खेळणे कधी आले नाही. म्हणून नोकरी लागल्यावर, मुले झाल्यावर, आम्ही मनाशी ठरवले की आपल्या पोरांना काही कमी पडू द्यायचे नाही. लोकलमध्ये फेरीवाला आला की हात खिशात जायचा. पगाराच्या दिवशी तर हमखास.

आजी सगळे ऐकत होती. म्हणाली, "खेळणी नव्हती कोण म्हणतं? तुझ्या बापानं गिरणीतली बॉबिनं आणली होती. चार. त्यांची तू आगगाडी करायचास. दिवसभर." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि एक विकतची बाहुली पण आली होती. तुला आठवणार नाही."

ती बाहुली आम्हाला खरेच आठवत नव्हती. संपानंतर आजी घरकामाला जायची. एका घरच्या बाईंनी कपाट आवरताना तिला एक बाहुली दिली. एक हात नाही, केस अर्धे गेलेले. "घेऊन जा, तुझ्या पोराला होईल." आजीने ती घेतली, कारण नाही म्हटले तर काम जाईल अशी भीती. चाळीच्या तोंडाशी आली आणि कचऱ्याच्या पेटीत टाकली. "माझ्या पोराला मोडकं का?" एवढेच ती आता, चाळीस वर्षांनी म्हणाली. तोंडावरचा राग मात्र कालचा असावा तसा ताजा होता.

कोणी काही बोलेना. मोठीने विचारले, "पप्पा, मग आपल्या घरातली ती खेळणी कोणाची? आमची की तुमची?"

आम्ही कॉमर्सचे पदवीधर, दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या नोंदी तपासणारे. पण हे खाते आम्ही कधी तपासले नव्हते. मुलाला हवे म्हणून किती घेतले आणि आपल्या लहानपणाची भरपाई म्हणून किती, हा हिशेब मांडला असता तर दुसरी बाजू भारी निघाली असती. लाल मोटार आम्ही स्वतःच पसंत केली होती. धाकट्याने मागितलीसुद्धा नव्हती.

अभाव आणि साधेपणा

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या समाजाला कोणी साधेपणाचा उपदेश करू लागले की आम्हाला राग येतो, आणि यावा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अंगभर कपडा मिळू दिला नाही, त्यांना त्यागाच्या गोष्टी कोणी सांगाव्यात? बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवता कामा नये, असे त्यात त्यांनी बजावले आहे. तेच बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन लहान खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले, आणि पुढे दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. साधेपणा म्हणजे काहीच नसणे नव्हे. आपल्याला काय लागते हे ठाऊक असणे आणि त्याला जागा करून देणे, हा साधेपणा. अभाव दुसऱ्याने लादलेला असतो. साधेपणा आपण ठरवून घेतो. आम्ही अभावाला घाबरून घर भरत गेलो, आणि त्या भरलेल्या घरात पोरीच्या पुस्तकांनाच जागा उरली नाही.

परतीच्या गाडीत मुलांना विनयपिटकातली आनंदांची गोष्ट सांगितली. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली की हे भिक्खू एवढ्या कापडाचे दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ही देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवर अंथरू. जुन्या अंथरणाचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? पुसायची फडकी. आणि फडकी विरली की? कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. धाकट्याला ही गोष्ट एवढी आवडली की दादर येईपर्यंत तो "मग त्याचं काय?" एवढेच विचारत राहिला.

घरचा हिशेब

पुढच्या रविवारी खोलीच्या मधोमध चादर अंथरली आणि सगळी खेळणी ओतली. आधी धाकट्याला शब्द दिला की तू नाही म्हणशील ती वस्तू जाणार नाही. मागची चूक पुन्हा करायची नव्हती. मोठीने वही घेतली. एकूण १६३ नग निघाले. चार ढीग केले. रोज खेळतो ती २१. दुरुस्त होतील ती ९. चांगली आहेत पण खेळत नाही ती ५८. मोडकी ७५.

पहिला अर्धा तास धाकटा प्रत्येक वस्तूला "माझं" म्हणत होता. आम्ही गप्प राहिलो. मग मोठीने त्याला विचारले, "मग याचं काय?" आणि तो खेळ सुरू झाला. चाक तुटलेल्या ट्रकचे काय? तो दोरी बांधून ओढायला. डोळा गेलेल्या अस्वलाचे काय? आजीने काळे बटण शिवले. सुई कामाला आली. झाकण हरवलेल्या डब्याचे काय? त्यात खडू. काही वस्तूंचे मात्र "काही नाही" असे उत्तर त्याचे त्यानेच दिले.

मोडक्या खेळण्यांतल्या बॅटऱ्या आधी काढल्या. काही गळून हिरव्या पडल्या होत्या. वाचकांनी हे लक्षात ठेवावे की बटणासारखी चपटी बॅटरी लहान मुलाने गिळली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. तसा संशय आला तरी वाट न पाहता मुलाला इस्पितळात न्यावे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुटणारे बारीक भाग असलेले खेळणे देऊ नये. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. लोकलमधल्या स्वस्त मालावर ते आम्ही आजवर कधी शोधलेच नव्हते. आमच्या ढिगात शोधले, तर बहुतेक खेळण्यांवर ते नव्हते.

भंगारवाला आला. त्याने तीनचाकी सायकल, बादली, जाड प्लास्टिकच्या चार वस्तू घेतल्या आणि बाकीचे बाजूला सारले. म्हणाला, "साहेब, यात प्लास्टिक तीन जातीचं, आत स्क्रू, तार, कापूस. हे सोडवण्यात दिवस जाईल आणि पैसे सुटणार नाहीत." तीस रुपये दिले. आम्ही त्या रात्री मांडून पाहिले. महिन्याला सरासरी ३५० रुपये खेळण्यांवर जात होते, म्हणजे वर्षाला ४,२०० रुपये. जमा तीस. असा ताळेबंद ऑफिसात दिला असता तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता.

आता राहिली ती चांगली ५८. ती धुतली, पुसली, शिवली. आजी स्वतः एकेक पाहत होती. जरा चीर दिसली की बाजूला काढायची. "मोडकं द्यायचं नाही," हा तिचा नियम. आपल्याला नको असलेले दुसऱ्याला देणे हे दान नव्हे. आपण आपल्या मुलाच्या हातात आनंदाने देऊ तेच दुसऱ्याच्या मुलाच्या हातात द्यावे. वस्तीतल्या बुद्धविहारात एक लोखंडी पेटी पडून होती. ती रंगवली आणि तीत ही खेळणी ठेवली. रविवारी मुले येतात, एक खेळणे घरी नेतात, पुढच्या रविवारी परत आणतात. वही आम्हीच घातली आहे. तारीख, खेळणे, मुलाचे नाव, परत आले की सही. वाचनालयासारखेच. त्यामुळे कोणी देणारा नाही आणि कोणी घेणारा नाही. आमचा धाकटाही रांगेत उभा राहून सही करतो. आपलीच जुनी आगगाडी त्याने एकदा नेली आणि आठवडाभर तिच्याशी नव्या खेळण्यासारखा खेळला.

खाटेखालची जागा रिकामी झाली. टीव्हीमागचे कपाट खाटेखाली सरकले आणि त्या कोपऱ्यात मोठीचे घडीचे टेबल आले. वाचलेले पैसे एका डब्यात पडतात. येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो की शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर मुलांनी आपापली पुस्तके निवडायची, असे ठरले आहे.

सगळे एका दिवसात सुधारले असे मात्र कोणी समजू नये. मार्चमध्ये पगाराच्या दिवशी आम्ही पुन्हा दिव्याचा भोवरा घेऊन आलो. मोठीने वही पुढे केली आणि विचारले, "कोणाच्या नावावर लिहू?" आम्ही आमच्या नावावर लिहायला सांगितले. आणि मुलांचे ढीग करून झाल्यावर मुलांच्या आईने माळ्याकडे बोट दाखवले. तिथे आमची खेळणी होती. वीस वर्षांत कार्यक्रमांतून मिळालेल्या शाली, नारळाच्या आकाराची स्मृतिचिन्हे, जुन्या सभांच्या पत्रकांचे गठ्ठे. शाली थंडीत रेल्वे पुलाखाली झोपणाऱ्यांना दिल्या. स्मृतिचिन्हांचे अजून काही ठरलेले नाही. धाकटा अधूनमधून त्यांच्याकडे पाहून विचारतो, "पप्पा, मग याचं काय?"

बंधू-भगिनींनो, तुमच्या घरीही खाटेखाली असे पोते असेल. ते उपसण्याआधी मुलांना एकदा कान्हेरीला न्या. तिकडे जमत नसेल तर जवळच्या कुठल्याही लेण्यात न्या, आपल्या महाराष्ट्रात त्यांची वाण नाही. त्या दगडी ओट्यावर मुलांना बसवा आणि कपाट शोधू द्या. पुढचे प्रश्न ती आपणच विचारतील. उत्तरे मात्र आपल्याला खरी द्यावी लागतील.

आजीचा हात आता बरा आहे. पावसात थोडा ठणकतो. परवा रात्री पुन्हा दीडच्या सुमारास ती उठलेली आम्हाला जाणवली. आम्ही दिवा लावायला हात पुढे केला, तर अंधारातूनच म्हणाली, "राहू दे, लावू नको. पोरं जागी होतील." आणि सरळ चालत मोरीपर्यंत जाऊन आली.